कळपातील एक कोंबडी गेल्यावर उरलेल्या का भांडतात? परसातील कोंबडीपालकांसाठी उपयुक्त माहिती

आपल्या समाजात अशी कितीतरी घरे आहेत की जिथे दुकान, माग, शिलाई मशीन किंवा गॅरेज यांच्या जोडीला परसात दहा-पंधरा कोंबड्या असतात. हा धंदा म्हणून कुणी मोजत नाही. परंतु महिन्याचा हिशेब मांडला तर घरातील तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च या अंड्यांतून निघालेला दिसतो. बहुधा हा व्यवहार घरातील स्त्रियांच्या हाती असतो व त्याची कुठे वही नसते. त्यामुळे त्यात नुकसान झाले तर ते नेमके कुठे झाले हेही कळत नाही. आज अशाच एका न कळणाऱ्या नुकसानीविषयी लिहायचे आहे.

गोष्ट आमच्याच घरची आहे. आमच्या खालाजानकडे चौदा कोंबड्या व एक कोंबडा होता. काही गावरान, काही गिरिराज. रोजची पाच-सहा अंडी मिळत. एके दिवशी पहाटे मुंगसाने खुराड्यात शिरून कळपातील सर्वांत थोरली काळी कोंबडी मारली. एक कोंबडी गेली, विषय संपला असे आम्हाला वाटले. खालाजानने दोन गोष्टी केल्या. मुंगूस पुन्हा येईल या भीतीने उरलेल्या कोंबड्या दिवसभर खुराड्यातच कोंडून ठेवायला सुरुवात केली आणि आठवडी बाजारातून एक तलंग आणून गेलेलीच्या जागी सोडली. तिसऱ्या दिवशी त्या तलंगेचे डोके रक्ताने माखलेले होते. पाचव्या दिवशी कळपातील एक गरीब तांबडी कोंबडी शेपटीखाली फाटून मेलेली सापडली. अंडी रोजची एक-दोनवर आली व तीन आठवडे तशीच राहिली. "कुणाची तरी नजर लागली बघ बाळा," असे खालाजान म्हणाल्या.

हिशेब मांडला तो असा. 21 दिवसांत सुमारे 84 अंडी कमी मिळाली. आमच्याकडे अंडे 12 रुपयांनी जात होते, म्हणजे हजार रुपये. दोन कोंबड्या गेल्या त्या पाचशे-पाचशेच्या. एकूण नुकसान दोन हजारांच्या आसपास आणि त्यापैकी मुंगसाने केलेले नुकसान फक्त पाचशेचे. बाकी दीड हजार आमच्या गैरसमजुतीमुळे गेले. मुंगूस आल्यावर काय करावे हे सर्वांना ठाऊक असते. ते गेल्यावर काय करू नये हे मात्र कुणी सांगत नाही.

कळपातील मानपान

कोंबड्या दिसायला बावळट असल्या तरी त्यांच्यात मानाची उतरंड अतिशय पक्की असते. थॉर्लाइफ शेल्डरप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि 1920 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत या उतरंडीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याला असे आढळले की कळपातील प्रत्येक जोडीमध्ये कोण कुणाला चोच मारणार हे ठरलेले असते. पहिल्या क्रमांकाची कोंबडी सर्वांना चोच मारते, तिला कुणी मारीत नाही. दुसरी कोंबडी पहिली सोडून बाकी सर्वांना मारते. असे करीत शेवटची कोंबडी सर्वांचा मार खाते व कुणालाही मारीत नाही. क्वचित असेही होते की पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी उलट पहिलीवर वरचढ असते. तेव्हा ही उतरंड अगदी सरळ रेषेत असतेच असे नाही.

ही व्यवस्था वाचायला जुलमी वाटते. पण तिचा फायदा असा की एकदा मान ठरला की रोज भांडावे लागत नाही. वरची कोंबडी नुसती मान उंचावून बघते आणि खालची बाजूला होते. दाण्यापाशी, पाण्यापाशी, अंड्याच्या पेटीपाशी आणि रात्री बसायच्या दांडीवर हाच क्रम चालतो. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा पाहून ओळखतात. घरगुती कळपात ही ओळख चांगली टिकते. शेकडो पक्ष्यांच्या शेडमध्ये इतक्या सर्वांची ओळख ठेवणे शक्य नसते, म्हणून तिथले नियम निराळे असतात. फार्मवरचा अनुभव परसात जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे हे एक कारण.

आता या उतरंडीतून एक कोंबडी गेली तर काय होते? ते कोणती कोंबडी गेली यावर अवलंबून आहे. तळाची किंवा मधली गेली तर बाकीच्यांचे आपसातील नाते बदलत नाही आणि बहुधा फारसे काही घडत नाही. वरची गेली तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या कोंबड्यांत जागेसाठी चढाओढ लागू शकते. छातीला छाती भिडवून उड्या मारणे, मानेची पिसे फुलवणे, तुऱ्यावर चोच मारणे असे प्रकार दिसतात. ही भांडणे सहसा काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत मिटतात. आणि कोंबडाच गेला तर परिस्थिती अधिक बिघडण्याचा संभव असतो, कारण कळपातील चांगला कोंबडा कोंबड्यांच्या भांडणात मध्ये पडून ती मोडत असतो. तो विकल्यावर एखादी दांडगी कोंबडी त्याची जागा घेते, कधी कधी आरवायलाही लागते. गावात याला अपशकुन मानून तिची मान कापतात. त्यात अपशकुन काही नाही. कळपात जागा रिकामी झाली, ती तिने घेतली इतकेच.

म्हणजे एक कोंबडी गेल्यावर थोडी चोचाचोची होणे साहजिक आहे. तुऱ्यावर एखादा ओरखडा, चार पिसे उडाली, तर लगेच मध्ये पडू नये. आपण दर वेळी सोडवायला गेलो तर मान ठरतच नाही व भांडण लांबते. पण रक्त वाहू लागले, एकीला सर्वजणी मिळून घेरू लागल्या, किंवा मार खाणारी कोंबडी कोपऱ्यात डोके घालून बसली, दाण्या-पाण्याला येईनाशी झाली, तर हात घातलाच पाहिजे.

खरे कारण बहुधा दुसरेच असते

मुद्द्याची गोष्ट अशी की रक्तबंबाळ होईपर्यंतची मारामारी केवळ एक जागा रिकामी झाली म्हणून क्वचितच होते. कोंबडी गेल्याच्या सुमारास घडणाऱ्या इतर गोष्टी तिला कारण असतात. आमच्या घरी तेच झाले.

पहिली गोष्ट कोंडून ठेवण्याची. मोकळी कोंबडी दिवसातील बराचसा वेळ माती उकरण्यात आणि जमिनीवर चोची मारण्यात घालवते. हा तिचा स्वभाव आहे, पोट भरलेले असले तरी ती हे करते. तिला चार फूट बाय चार फुटांच्या पत्र्याच्या खुराड्यात कोंडले की जमिनीवर मारायच्या चोची शेजारणीच्या पिसांवर पडू लागतात. त्यातच एप्रिल-मेचे ऊन असेल तर पत्र्याखाली जीव घाबरा होतो व चिडचिड वाढते. परसातील कोंबड्यांना खुराड्यात प्रत्येकी तीन-चार चौरस फूट तरी जागा असावी आणि बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट. चौदा कोंबड्यांना सोळा चौरस फुटांत दिवसभर ठेवणे म्हणजे भांडणाला आमंत्रणच.

दुसरी गोष्ट लगेच नवी कोंबडी आणण्याची. जागा रिकामी झाली म्हणून आपण ती भरतो. दुकानात एक कारागीर गेला की दुसरा ठेवावा तसे. पण कळपाच्या दृष्टीने नवी कोंबडी ही रिकाम्या जागेची हक्कदार नसून परकी असते. आधीच क्रम हलला आहे, वरून मुंगसाची धास्ती आहे, अशा वेळी एकटी नवखी तलंग सोडली तर सगळा कळप तिच्यावर तुटून पडतो. शिवाय बाजारातून आणलेल्या पक्ष्याबरोबर रोगही येतो, तो भाग वेगळाच.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. मुंगूस, कुत्रा किंवा रानमांजर एका कोंबडीला मारते, पण झटापटीत आणखी दोघी-तिघींना ओरखडे निघालेले असतात. पिसांखाली ते दिसत नाहीत. कोंबड्यांना लाल रंगाचे व ओलसर रक्ताचे विलक्षण आकर्षण असते. एकीने चोच मारली की बाकीच्या बघून शिकतात. म्हणून हल्ल्यानंतर त्याच दिवशी प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पिसे उलटी फुंकून तपासावी. पंखांखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला व शेपटीखाली मुद्दाम पाहावे. रात्री दांडीवर बसल्यावर बॅटरी घेऊन गेले तर हे काम शांतपणे होते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोंबडी मुंगसाने नेली नसून आजाराने मेली असेल तर आधी आजाराचा विचार करावा, भांडणाचा नंतर. आजारी पक्ष्याला कळप टोचतो, त्यामुळे मार खाणारी कोंबडी ही पुष्कळदा आधीच आजारी असते. मान वाकडी होणे, हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास घेणे ही राणीखेत अर्थात मानमोडीची लक्षणे असू शकतात. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस दिली जाते. ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. एकाएकी एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर मात्र घरात न ठेवता लगेच दवाखान्याला कळवावे, किंवा 1962 या क्रमांकावर फोन करावा. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा तेथील कोंबडीपालकांवर काय वेळ आली ते त्या भागातील आपल्या बांधवांना आठवत असेल. लपवण्यात फायदा नाही. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता दोन-तीन फूट खोल पुरून वर चुना टाकावा.

जखम कुठे आहे ते पाहा

टोचणे सगळे एकसारखे नसते. जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे यावरून कारण ओळखता येते व उपाय बदलतो.

तुरा, डोके, डोळ्याजवळचा भाग येथे जखमा असतील तर ते मानाचे भांडण आहे. ते आपोआप मिटण्याची शक्यता अधिक. जागा वाढवणे आणि दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी लांब लांब ठेवणे एवढ्याने बराच फरक पडतो. भांडी एका ठिकाणी असली की वरची कोंबडी तिथे ठाण मांडते व तळाची उपाशी राहते. तीन भांड्यांवर एकटीला पहारा देता येत नाही.

पाठीवरची, शेपटीच्या बुडाची पिसे गेली असतील तर दोन शक्यता आहेत. कळपात कोंबडे जास्त असतील तर त्यांच्या नखांनी व पायामागच्या काट्यांनी पाठ सोलवटते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. जास्तीचे विकून टाकावेत. कोंबडा एकच असेल तर मग ते पिसे उपटण्याचे व्यसन आहे. याचे मूळ बहुधा रिकामपणात व खाण्यात असते. नुसता तांदूळ, ज्वारी, मका आणि ताटातले उरलेले अन्न यावर पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनलेली असतात, म्हणून कोंबडी ती खाऊ लागते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने हवीत. शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, वाळवी, किडे, कोकणात बिनमिठाचा सुका जवळा यांनी ही उणीव भरून निघते. पेंडीला बुरशी मात्र नसावी, ती विषारी असते. मीठही अजिबात नसले तरी टोचण्याची खोड वाढते. खाद्यात ते अर्धा टक्क्याच्या आत असावे, म्हणजे शंभर किलोला अर्ध्या किलोहून कमी. जास्त झाले तर कोंबड्या मरतात. खारवलेली मासळी म्हणूनच देऊ नये.

पावसाळा संपता संपता कोंबड्या पिसे टाकतात व नवी पिसे येतात. या नव्या पिसांच्या देठात रक्त असते. तेव्हा जरा चोच लागली तरी रक्त येते आणि पुढचा प्रकार सुरू होतो. या दिवसांत कळपात फेरबदल शक्यतो करू नयेत.

शेपटीखालच्या जखमा सर्वांत वाईट. आमची तांबडी कोंबडी याच प्रकारात गेली. अंडे घालताना आतला लालसर भाग क्षणभर बाहेर येतो. पेटी उघड्यावर किंवा उजेडात असेल तर ते दुसऱ्या कोंबड्यांना दिसते व त्या तिथे टोचतात. एकदा हे सुरू झाले की काही तासांत आतडी बाहेर येऊन पक्षी मरतो. म्हणून अंड्याच्या पेट्या खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात असाव्यात, चार-पाच कोंबड्यांमागे एक, आणि तोंडाला गोणपाटाचा पडदा लावावा. अंडी वाढावीत म्हणून काही जण रात्रभर पांढरा एलईडी बल्ब जाळतात. सूर्यप्रकाश धरून दिवसाचा 14 ते 16 तास उजेड पुरेसा आहे. रात्रीचा अंधार कोंबडीला विश्रांतीसाठी लागतोच.

याशिवाय उवा आणि रात्री चावणारे लाल कोळीकिडे यांनीही कळप चिडचिडा होतो. दिवसा ते खुराड्याच्या फटीत लपलेले असतात, त्यामुळे कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत. खुराड्याच्या सांध्यांतून सुरी फिरवावी, तिला रक्ताचा लाल डाग लागला तर समजावे. कोंबड्यांना लोळण्यासाठी कोरडी माती व लाकडाची राख एका घमेल्यात ठेवली तर त्या स्वतःच आपले अंग साफ करतात.

जखमी कोंबडीचे काय करावे

रक्त दिसताच कोंबडी बाजूला काढावी. संध्याकाळपर्यंत थांबू नये. स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे जखम दाबून धरली की तुऱ्याचे रक्त थांबते. नंतर अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा मीठ घालून जखम धुवावी. दवाखान्यात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. ते नसेल तर हळद चालते. रॉकेल, डांबर, गाडीचे जुने ऑइल, टर्पेंटाइन असे काही लावू नये. कोंबडी चोचीने ते साफ करते आणि पोटात घेते. निळे जांभळे जेन्शन व्हायोलेट लाल रंग झाकते म्हणून पूर्वी सर्रास लावीत. परंतु ते कर्करोगकारक असल्याच्या संशयावरून अमेरिकेत खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला मनाई आहे. अंडी-मांसाच्या पक्ष्याला ते न लावलेले बरे.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात जखमेवर माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात. शेपटीखालची जखम दिवसातून दोनदा पाहावी. अळ्या दिसल्या तर मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने एक एक काढाव्यात व डॉक्टरांना दाखवावे. खोल जखम, बाहेर आलेला भाग, डोळ्याची इजा ही घरगुती उपायांची कामे नव्हेत. उलट डोक्याची कातडी बरीच सोलली गेली असली तरी घाबरून जाऊ नये. कोंबडीची जखम भरण्याची शक्ती थक्क करणारी असते. आमच्या त्या तलंगेचे डोके अर्धे उघडे पडले होते, तीन-चार आठवड्यांत कातडी आली व पुढे पिसेही आली.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले तर त्या काळातील अंडी किती दिवस विकायची नाहीत हे त्यांनाच विचारावे. गिऱ्हाईक गावरान अंडे म्हणून जास्त पैसे देते ते विश्वासावर देते. जखमी पक्षी वाचत नाही असे दिसले तर तो जिवंत असतानाच निर्णय घ्यावा. मेल्यावर तो मुरदारच, हे आपल्याला सांगायला नको. पण आजाराची लक्षणे असलेला किंवा औषध चालू असलेला पक्षी जबह करून खाण्यात वा विकण्यात येऊ नये.

आता एक बारकावा. जखमी कोंबडी बरी होईपर्यंत घरात, माळ्यावर किंवा शेजाऱ्याकडे ठेवली व महिन्याने परत आणली तर काय होते? कळप तिला विसरलेला असतो. ती परकी ठरते आणि पुन्हा पहिल्यापासून मार खाते. दोन-तीन आठवड्यांच्या दुराव्याने ओळख पुसट होते असा अनुभव आहे. म्हणून तिला वेगळे करायचे ते कळपाच्या नजरेसमोर, जाळीच्या पलीकडे. मग परतताना त्रास पुष्कळ कमी होतो.

याच गोष्टीचा उलटा उपयोगही करता येतो. एकच दांडगी कोंबडी सर्वांना छळत असेल तर मार खाणारीला काढण्याऐवजी मारणारीलाच काढावे, आणि तिला मात्र नजरेआड ठेवावे. तीन-चार दिवस डालग्याखाली दुसरीकडे ठेवून परत सोडली की तेवढ्यात बाकीच्यांची घडी बसलेली असते, हिचा तोरा उतरलेला असतो. सगळ्यांच्याच बाबतीत हे चालेल असे नाही. असील जातीची रक्ताळलेली कोंबडी याला दाद देत नाही. ती जात लढाऊ म्हणूनच जोपासली गेली आहे, गावरान कळपात ती मिसळण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

नवी कोंबडी केव्हा व कशी आणावी

घाई करू नये हे पहिले. जुन्या कळपाची घडी बसू द्यावी, रक्त दिसणे बंद होऊन दोन आठवडे जाऊ द्यावेत. आणायची तर एकटी आणू नये, दोन-तीन आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. त्या कळपातील कोंबड्यांच्याच अंगापिंडाच्या असाव्यात. छोट्या तलंगा मोठ्या कोंबड्यांत सोडू नयेत. आधी तीन-चार आठवडे पूर्णपणे वेगळ्या ठेवून त्यांना काही रोग नाही ना हे पाहावे. त्यांचे भांडे, आपली चप्पलही वेगळी. नंतर एक-दोन आठवडे जाळीच्या पलीकडे, एकमेकींना दिसतील अशा. मग एके संध्याकाळी अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवाव्यात. रात्रीतून कोंबड्या नवखीला स्वीकारतात अशी समजूत आहे, ती तितकीशी खरी नाही. सकाळी ओळखतातच. मात्र आधीचे जाळीचे दिवस पाळलेले असतील तर दोन-चार चोचींवर निभावते. त्या सकाळी घरात कुणीतरी थांबावे आणि कोबीचा एखादा गड्डा किंवा पालेभाजीची जुडी उंचावर टांगावी, म्हणजे चोचींना काम मिळते. नव्या कोंबड्यांना पळून जायला आडोसा हवा. एखादे फळकूट भिंतीला तिरपे टेकवले तरी पुरते.

कारागीर बांधवांसाठी

हे सर्व वाचताना एक गोष्ट लक्षात आली असेल. या साऱ्या उपायांत जाळीचा पडदा सारखा येतो. बाजारात मिळणाऱ्या तयार पिंजऱ्यांत तो नसतो. वेल्डिंग करणाऱ्या बांधवांनी खुराडे बनवताना मधोमध खाच ठेवून काढता-घालता येणारी जाळीची चौकट दिली तर गिऱ्हाईक त्यासाठी चार पैसे जास्त देईल. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्यावी. कोंबडीजाळी म्हणून मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, आणि मुंगूस दीड-दोन इंचाच्या फटीतून शिरते. तळाला फरशी घालावी किंवा जाळी जमिनीत फूटभर गाडावी. दाराला साधा आकडा न लावता दाबून उघडणारी कडी द्यावी.

सुतारकाम करणाऱ्यांकडे रंध्याची साल रोज कचऱ्यात जाते. तीच खुराड्यात तीन-चार इंच जाड अंथरली तर उत्तम. कोंबड्या ती दिवसभर उकरतात. पॉलिश किंवा वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाची साल मात्र नको, आणि अगदी बारीक पूड नको, ती श्वासात जाते. बसायची दांडी प्रत्येक कोंबडीला आठ इंच या हिशेबाने करावी व सर्व दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. उंच-सखल ठेवल्या की सर्वांत वरच्या दांडीसाठी रोज रात्री झगडा होतो.

शिलाईचे काम करणाऱ्या भगिनी उरलेल्या जाड कापडातून कोंबडीसाठी पाठीवरची झूल शिवू शकतात. दोन्ही पंखांतून जाणारे इलॅस्टिक आणि पाठ झाकणारा त्रिकोणी तुकडा, एवढेच काम. पाठ सोललेल्या कोंबडीला ती घातली तर खालची जखम भरते व नवी पिसे येतात. आठवड्यातून दोनदा काढून खाली उवा झाल्या नाहीत ना ते पाहावे आणि कडक उन्हात घालू नये. खालाजानने स्वतः सलवारीच्या उरलेल्या कापडातून दोन शिवल्या. शेजारच्या मुली त्या कोंबड्या बघायला येत.

आमच्या खुराड्यात आता मध्ये जाळी आहे, पेट्यांना गोणपाटाचे पडदे आहेत आणि कोंबड्या सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मोकळ्या असतात.  ती तलंग आता अंड्यावर आहे आणि कळपात तिचा नंबर शेवटून तिसरा लागतो. गेल्या महिन्यात कोंबडा विकला तेव्हा दोन दिवस पुन्हा चोचाचोची झाली. खालाजानने यावेळी दाण्याची तीन भांडी लांब लांब ठेवली, कुणाला कोंडले नाही आणि बाजारातही गेल्या नाहीत. अंडी त्या आठवड्यात रोजची चार होती, पुढच्या आठवड्यात पाच झाली.